उतरलेला ईएसआर: मॅक्रोफेज आवरेनासे झाल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शिकवणीच्या रुग्णालयातल्या बालरोग विभागातले आहे. मी तिथे काम करते आणि या मुलीच्या उपचाराचे सगळे निर्णय माझ्या सहीने झाले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मनू म्हणू.

मनू ७ वर्षांची, वजन १८ किलो. ऑगस्टच्या मध्यावर आई आणि आजोबा तिला घेऊन आले तेव्हा तापाचा २६ वा दिवस होता. तालुक्याच्या गावी विडाल तपासणी करून टायफॉइड म्हणून सलाईनमधून दहा दिवस अँटिबायोटिक झाले होते, पण ताप हटला नव्हता. त्याला एक ठरलेली वेळ होती. संध्याकाळी सहा-सातला १०४ पर्यंत चढायचा, रात्री घाम येऊन उतरायचा आणि सकाळी पोरगी उठून चहा-बिस्किट मागायची. ताप चढला की छातीवर आणि मांड्यांवर फिकट गुलाबी पुरळ उठे, तासा-दोन तासांत नाहीसे होई. सकाळच्या राऊंडला ते कधीच दिसत नसे. आईने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, त्यामुळेच आम्हाला ते पाहता आले. दोन्ही गुडघे आणि उजवे मनगट सुजलेले होते.

पहिल्या दिवशीचे आकडे असे: हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी २८,४००, प्लेटलेट ७.२ लाख, ईएसआर ११८ आणि सीआरपी १६४ (दोन्ही अंगातल्या दाहाचे माप), फेरिटिन १,८५०. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, रक्ताचे कल्चर यांतून काही निघाले नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ, क्षयाची मॉन्टू निगेटिव्ह, जठरातून काढलेल्या द्रावाची क्षयासाठीची सीबीनॅट निगेटिव्ह. चौथ्या दिवशी बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायला काढला, कारण अशा चित्रामागे ल्युकेमिया दडलेला असू शकतो आणि स्टिरॉइड दिल्यावर तो आणखी दडतो. मॅरोत कॅन्सर नव्हता.

बोनमॅरोचे नाव काढताच आईने विचारले होते, “पाठीतनं पाणी काढणार का? आमच्याकडं एकाचं काढलं, त्याचा पाय गेला.” ताईंना मांडी घालून समोर बसवून, कमरेच्या हाडाचा मागचा कंगोरा माझ्याच अंगावर बोटाने दाखवून, मणका इथून किती लांब आहे ते समजावले. याला दहा मिनिटे लागली. पुढे पाच दिवसांनी दुसऱ्यांदा सही घ्यायची वेळ आली तेव्हा या दहा मिनिटांचे मोल कळले.

निदान झाले लहान मुलांच्या संधिवाताच्या सर्वांगी प्रकाराचे, सिस्टेमिक जेआयए. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये मुलांच्या संधिवाताचे बारकाईने वर्णन केले, म्हणून याला स्टिलचा आजारही म्हणतात. सूज आणि दुखणे कमी करणारे नॅप्रोक्सेन सुरू केले. क्षयाचे कल्चर यायचे होते, म्हणून स्टिरॉइड दोन-तीन दिवस लांबवायचे आणि सातव्या दिवशी सुरू करायचे असे ठरले.

अडचण

सातव्या दिवशी सकाळी निवासी डॉक्टर आनंदाने रिपोर्ट घेऊन आला. “मॅडम, ईएसआर उतरला. ११८ वरून ६४. काउंटही खाली आलाय.” पांढऱ्या पेशी १५,२००. प्लेटलेट ३.९ लाख. गुडघ्यांची सूज खरोखरच कमी होती. मी गुडघा वाकवून पाहिला, मनू कण्हली नाही. केसपेपरवर मी लिहिले, “नॅप्रोक्सेनला प्रतिसाद चांगला. प्रेडनिसोलोन तूर्त नको.”

ठरलेले स्टिरॉइड पुढे ढकलण्याचा हा या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय. त्या क्षणी तो चुकीचा का वाटला नाही, हे नीट सांगायला हवे. मूल बरे होताना आकडे याच दिशेने जातात: ईएसआर उतरतो, वाढलेला काउंट खाली येतो, सूज ओसरते. प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर चांगलीच बातमी होती.

आठव्या दिवशी ईएसआर ३१, पांढऱ्या पेशी ८,१००, प्लेटलेट १.७ लाख. लॅबच्या कागदावर प्लेटलेटच्या आकड्यापुढे खूण नव्हती, कारण तिथे प्लेटलेटची खालची मर्यादा दीड लाख आहे. यकृताचे एएसटी एन्झाइम ९६ होते. ते नॅप्रोक्सेनमुळे असेल, असे आम्ही धरले. ताप मात्र सकाळीही १०१ होता. संध्याकाळची वेळ सोडून ताप दिवसभर राहू लागला होता आणि तापाच्या तक्त्यावरचे रोजचे शिखर सपाट होत चालले होते. ते आमच्या नजरेत भरले नाही.

नवव्या दिवशी पहाटे पाचला रात्रपाळीच्या सिस्टरने निवासी डॉक्टरला उठवले. तिचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे आहेत: “उशीवर रक्ताचा डाग आहे, हिरड्यातून येतंय. आणि ही काल रात्रीपासून बाहुली मागत नाहीये.” मी पोचले तेव्हा मनू हाक मारल्यावर डोळे उघडत होती आणि लगेच मिटत होती. यकृत बरगडीखाली ५ सेंटिमीटर, प्लीहा ३ सेंटिमीटर. दाखल झाली तेव्हा प्लीहा हाताला लागतही नव्हती.

सकाळी आठला आलेले आकडे: ईएसआर १२. पांढऱ्या पेशी ३,१००. प्लेटलेट ७४ हजार. हिमोग्लोबिन ७.४. एएसटी ४३०. सोडियम १२९. फायब्रिनोजेन ११८. ट्रायग्लिसराइड ३४८. सीआरपी १७६, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. आणि पहिल्या दिवसानंतर प्रथमच तपासलेले फेरिटिन: २१,६००.

ईएसआर १२ आणि सीआरपी १७६. दाह पेटलेला असताना ईएसआर इतका खाली कसा? ईएसआर म्हणजे उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते. दाहात यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन भरपूर बनवते. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन भराभर खाली बसतात. फायब्रिनोजेनच संपले तर चळती बनत नाहीत, पेशी सुट्या राहतात आणि ईएसआर “सुधारतो”. मनूचा ईएसआर सुधारला नव्हता. तिचे फायब्रिनोजेन खर्ची पडत होते.

मॅक्रोफेज राहतात कुठे, येतात कुठून

या अवस्थेचे नाव मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम, आमच्या बोलण्यात मास. सिस्टेमिक जेआयए असलेल्या दर दहा मुलांपैकी साधारण एकाला ती उघडपणे गाठते. ती समजायची तर ज्या पेशीचे नाव तिला मिळाले आहे तिचे घरदार माहीत हवे.

१८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींनी कोंडाळे केलेले दिसले. अशा पेशींतल्या थोरल्यांना त्यांनी मॅक्रोफेज म्हटले, ग्रीकमध्ये मोठा खाणारा. १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळाले.

मी शिकले तेव्हा पुस्तकातला क्रम सरळ होता: बोनमॅरोत मोनोसाइट ही पांढरी पेशी तयार होते, हा मोनोसाइट रक्तात येतो, एखाद-दुसरा दिवस फिरतो, मग एखाद्या अवयवात शिरून मॅक्रोफेज बनतो. म्हणजे प्रत्येक मॅक्रोफेज हा मुळात मोनोसाइट. हे चित्र नेदरलँड्समधल्या लायडनच्या राल्फ व्हान फुर्थ यांनी १९७२ च्या सुमारास मांडले आणि जवळपास चाळीस वर्षे टिकले. मग उंदरांमधल्या पेशींना गर्भावस्थेतच खूण करून त्यांचा माग काढणारे प्रयोग झाले. २०१० मध्ये दिसले, की मेंदूतले मॅक्रोफेज, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, ते बोनमॅरोतून येतच नाहीत. ते पीतककोश या गर्भाला जोडलेल्या पिशवीतून, मॅरो तयार होण्याच्याही आधी, मेंदूत जाऊन बसतात आणि तिथेच आपली संख्या राखतात. यकृतातल्या कुप्फर पेशी आणि फुफ्फुसाच्या वायुकोशातले मॅक्रोफेज हेही मुख्यतः गर्भातल्या पीतककोशातून किंवा यकृतातून आलेले जुने रहिवासी. आतड्यातले मात्र वेगळे. तिथे आयुष्यभर रक्तातून नवे मोनोसाइट येत राहतात आणि जुन्यांची जागा घेतात.

म्हणजे शरीरात दोन प्रकारचे लोक आहेत. एक गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, आणि दुसरे गरज पडली की रक्ताच्या वाटेने धावत येणारे मोनोसाइट. दाह पेटतो तेव्हा दुसरे हजारोंनी येतात आणि पहिल्यांच्या शेजारी मॅक्रोफेज बनून कामाला लागतात.

रोजचे कामही थोडेथोडके नाही. प्लीहा आणि यकृतातले मॅक्रोफेज दर सेकंदाला वीसेक लाख म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळतात आणि त्यातले लोह परत मॅरोकडे पाठवतात, दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम. आपण खातो त्यातून अंगी लागणारे लोह त्यापुढे १-२ मिलिग्रॅम. तरण्याताठ्या पेशींना ते हात लावत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर सीडी४७ नावाची खूण असते, “मला खाऊ नको” सांगणारी. गिळलेल्या लोहाचा साठा ज्या प्रथिनात होतो ते फेरिटिन. रक्तातले फेरिटिन २१ हजारांवर जाते तेव्हा या पेशींच्या घरात काहीतरी भयंकर चालले आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

आता मनूच्या अंगावर काय दिसत होते ते पुन्हा पाहा. यकृत मोठे, प्लीहा मोठी, मॅरोतून निघणाऱ्या तिन्ही जातींच्या पेशी घटलेल्या, मेंदूवर झापड. हा आजार मॅक्रोफेजच्या वस्तीच्या नकाशावरूनच चालत जातो. मला तो समजला तो या नकाशामुळे, निकषांच्या यादीमुळे नाही.

मॅक्रोफेज पेटतात का? मुख्य इशारा इंटरफेरॉन गॅमाचा. तो टी पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, सोडतात. एरवी किलर टी पेशी आणि एनके पेशी काम झाले की चिथावणी देणाऱ्या पेशीलाच परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडून मारतात आणि इशारा थांबतो. परफोरिनचे जनुकच बिघडलेले असेल तर जन्मजात रूप होते, एचएलएच. हे १९९९ मध्ये उघड झाले. सिस्टेमिक जेआयएमध्ये बहुतेकदा जनुक ठीक असते, पण आजाराच्या भरात मारेकरी पेशी दुबळ्या पडलेल्या असतात आणि आयएल-१८ हे द्रव्य इंटरफेरॉनला सतत हवा देत राहते. इशारा थांबत नाही, मॅक्रोफेज खात सुटतो.

आजोबांना हे मी माझ्या परीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे डॉक्टरीणबाई, कुंपणच शेत खायला लागलं म्हणा की.” मी हो म्हटले. पण एक जोडले: कुंपण वाईट झालेले नाही, त्याला कुणीतरी “खा, खा” सांगत बसले आहे, ते सांगणे बंद करायचे आहे.

समोरचे पर्याय

नवव्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही चौघे खाटेजवळच उभे राहून बोललो: मी, निवासी डॉक्टर, पॅथॉलॉजीच्या मॅडम आणि अतिदक्षता विभागाचे सहकारी.

हे सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, असू शकते का? असू शकते. प्लेटलेट पडणे, फायब्रिनोजेन घटणे, गुंगी, सगळे त्यातही होते. कल्चर पाठवून मेरोपेनेम सुरू करायचे यावर दुमत नव्हते. प्रश्न होता, अँटिबायोटिक देऊन ४८ तास वाट पाहायची का. सहकाऱ्यांचे मत वाट पाहण्याकडे झुकत होते आणि त्यांचा मुद्दा खरा होता: सेप्सिसमध्ये एवढे स्टिरॉइड दिले तर मूल हातचे जाऊ शकते. माझे म्हणणे होते, की सेप्सिसमध्ये फेरिटिन क्वचितच एवढे वर जाते, आणि ज्या मुलीचे निदान पाच दिवसांपूर्वी सिस्टेमिक जेआयए झाले तिच्या बाबतीत पहिला संशय मासचाच असायला हवा.

डेंग्यू? ऑगस्ट महिना, वॉर्डात डेंग्यूची तीन मुले. डेंग्यूतही फेरिटिन चढते, प्लेटलेट पडतात, आणि डेंग्यू स्वतःच अशी अवस्था पेटवू शकतो. एनएस१ पुन्हा पाठवली. दुपारी निगेटिव्ह आली.

क्षयाची भीती सगळ्यात खोल होती. क्षयाचा जंतू राहतो तो याच पेशीत. मॅक्रोफेज त्याला गिळतो, पण पचवू शकत नाही, मग मॅक्रोफेजच एकमेकांभोवती दाटी करून त्याला गाठीत कोंडून ठेवतात. मॅक्रोफेजला शांत करणारे कोणतेही औषध म्हणजे त्या कोंडीचे दार किलकिले करणे. कल्चर यायला आठवडे होते. मग स्टिरॉइडबरोबर क्षयाची औषधेही सुरू करावीत का? आम्ही नको ठरवले. सीबीनॅट निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, घरात कुणाला क्षय नाही. शिवाय त्या औषधांचा भार यकृतावर पडतो. एएसटी ४३० असताना ती दिली असती तर उद्या एएसटी ८०० झाल्यावर ते आजाराने की औषधाने, हे कळले नसते.

आणि बोनमॅरो. आधी मॅरो की आधी औषध? मॅरोत पेशीभक्षण दिसले तर बळ येते, पण मासच्या सुरुवातीला ते अनेकदा दिसतही नाही, आणि २०१६ च्या निकषांत त्याची अटही नाही. त्या निकषांप्रमाणे ताप, फेरिटिन ६८४ च्या वर, आणि पुढच्या चारांतले कोणतेही दोन पुरतात: प्लेटलेट १.८१ लाख किंवा कमी, एएसटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. मनूकडे चारही होते. तरी मॅरो पुन्हा काढायचा असे ठरवले, दोन कारणांनी: दडलेला ल्युकेमिया आणि मॅरोचे क्षयासाठीचे कल्चर. स्टिरॉइड सुरू झाल्यावर या दोन्ही दारांना कुलूप लागते. पण रिपोर्टसाठी थांबायचे नाही, हेही त्याच वेळी ठरले.

काय केले

नॅप्रोक्सेन बंद केले. आईने या वेळी काही न विचारता सही केली. सकाळी अकराला मॅरो काढला, जागेवर वीस मिनिटे दाबून धरले. साडेबाराला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, किलोला ३० मिलिग्रॅमप्रमाणे ५४० मिलिग्रॅम, तासाभरात सलाईनमधून. हिरड्यांचे रक्त थांबेना म्हणून क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्तातून वेगळा काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक, दिले. प्लेटलेट एकदाच दिल्या. या आजारात बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच पोटात जातात, म्हणून नुसत्या आकड्यासाठी त्या देत राहण्यात अर्थ नसतो.

दुपारी तीनला पॅथॉलॉजीच्या मॅडमनी बोलावून घेतले. तेलाच्या लेन्सखाली स्लाइडच्या शेपटीकडे एक मोठी पेशी होती, तिच्या शेजारच्या पेशी तिच्यापुढे मण्यांसारख्या दिसत होत्या. केंद्रक एका कडेला ढकललेले. उरलेली निळसर, फेसाळ जागा पोटासारखी भरलेली: चार तांबड्या पेशी, एक केंद्रक असलेली कोवळी तांबडी पेशी, आणि जांभळ्या ठिपक्यांसारख्या प्लेटलेट. त्यांच्याभोवती पारदर्शक कडे पडले होते, पचन चालू असल्याची खूण. कोवळी पेशी अजून मॅरोबाहेर पडायची होती, तिचा एक दिवसही वापर झालेला नव्हता. पाच दिवसांपूर्वीच्या स्लाइडवर अशी एकही पेशी नव्हती. मॅडमनी ती पुन्हा लावून खात्री करून घेतली. ल्युकेमिया याही खेपेला नव्हता.

दहाव्या दिवशी ताप १०० वर आला, पण फेरिटिन ३८,९०० आणि प्लेटलेट ५२ हजार. इथे दुसरा कठीण निर्णय आला. स्टिरॉइडला आणखी एक दिवस द्यावा की जोडीला दुसरे औषध? आयएल-१ रोखणारे अॅनाकिन्रा हातात असते तर मी तेच निवडले असते, पण ते वेळेत मिळण्यासारखे नव्हते. टोसिलिझुमॅब मिळत होते. ते आयएल-६ रोखते, त्यामुळे ताप आणि सीआरपी दोन्ही झाकले जातात आणि मास आतून चालू राहू शकतो. आधीच एका उतरलेल्या आकड्याने फसलेल्या आम्हाला आणखी आकडे झाकायचे नव्हते. एटोपोसाइड जन्मजात एचएलएचच्या उपचारात असते, पण मॅरोवर जड, म्हणून शेवटचा पर्याय म्हणून राखले. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च कुटुंबाला झेपण्यातला नव्हता आणि त्याच्या गुणाची खात्रीही तेवढी नव्हती. आम्ही सायक्लोस्पोरिन निवडले, किलोला ४ मिलिग्रॅम, दोन भागांत. ते टी पेशींना आवरते, म्हणजे “खा, खा” सांगणाऱ्यालाच गप्प करते.

परिणाम

अकराव्या दिवशी मनूने पाणी मागितले. बाराव्या दिवशी ताप नव्हता, फेरिटिन १७,२००, प्लेटलेट ८८ हजार, फायब्रिनोजेन २१०. आणि ईएसआर १२ वरून ४० झाला. निवासी डॉक्टरने तो आकडा मला हळू आवाजात, जरा घाबरतच सांगितला. तो वाढलेला आकडा म्हणजे त्या आठवड्यातली सगळ्यात चांगली बातमी होती: यकृत पुन्हा फायब्रिनोजेन बनवू लागले होते.

तेराव्या दिवशी डोके दुखू लागले, रक्तदाब १३८/९४. स्टिरॉइड आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही रक्तदाब वाढवतात आणि यातून मुलांना झटके येऊ शकतात. सायक्लोस्पोरिन कमी केले, अॅम्लोडिपिन दिले, दोन दिवसांत दाब आटोक्यात आला. बाहेर पाठवलेली परफोरिनची तपासणी ठीक आली. क्षयाची दोन्ही कल्चर आठवड्यांनंतर निगेटिव्ह आली. तेविसाव्या दिवशी मनू घरी गेली.

स्टिरॉइड सुटायला ९ महिने लागले. चेहरा गोल झाला, शाळेत पोरे चिडवत म्हणून ती दोन महिने शाळेत गेली नाही. दोन इयत्तांच्या मध्ये असावी तेवढी तिची उंची वाढली नाही. हा खर्चही उपचाराच्या हिशेबात धरला पाहिजे. आकडे स्थिर झाल्यावर क्षयाची तपासणी पुन्हा करून टोसिलिझुमॅब सुरू केले, एका ट्रस्टच्या मदतीने. सोळा महिन्यांनी ती स्टिरॉइडशिवाय आहे, सांध्यांवर सूज नाही. तेव्हापासून तिच्या प्रत्येक भेटीत फेरिटिन आणि प्लेटलेट पाहतो. ताप आणि सीआरपी नाहीत म्हणून निर्धास्त होत नाही.

वेगळे काय करता आले असते

फेरिटिन सातव्या दिवशी पुन्हा तपासायला हवे होते. पहिल्या दिवशी ते १,८५० होते, निदानाला ते पूरक होते, आणि आम्ही त्याचे काम संपले असे धरले. आठव्या दिवशी प्लेटलेट १.७ लाख आणि एएसटी ९६ होते. फेरिटिन १,८५० च्या खाली गेले असण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणजे निकष हिरड्यातून रक्त येण्याच्या किमान एक दिवस आधी पुरे झाले होते. तो एक दिवस आमच्या हातात होता.

प्लेटलेट १.७ लाख हा आकडा निरोगी मुलीत चांगला असतो. पण ज्या मुलीत दाहामुळे त्या ७.२ लाख होत्या, तिच्यात सात दिवसांत पाच लाखांहून अधिक प्लेटलेट कुठेतरी गेल्या होत्या. लॅबचा कागद फक्त मर्यादा पाहतो. कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहणे हे माझे काम होते. ईएसआर आणि सीआरपीचेही तेच. सातव्या दिवशी खर्च वाचवण्यासाठी आम्ही फक्त ईएसआर केला, सीआरपी नाही. दोन्ही शेजारी असते, तर एक उतरतोय आणि दुसरा जागचा हलत नाही, हे कुणालाही दिसले असते.

स्टिरॉइड आधी सुरू केले असते तर मास टळला असता का, यावर आमच्यात एकमत नाही. काही मुलांत स्टिरॉइड चालू असतानाही तो पेटतो. नॅप्रोक्सेनने तो पेटवला, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी एवढेच म्हणेन, की “प्रतिसाद चांगला” लिहिताना मी मुलीला नाही, रिपोर्टला पाहून लिहिले. गुडघा वाकवला, पण ती खेळते का हे विचारले नाही. सिस्टरच्या डोक्यात तो प्रश्न होता, आणि तिने तो रात्री आठलाच एका इंटर्नजवळ बोलूनही दाखवला होता. तो आमच्यापर्यंत पोचायला नऊ तास लागले.

आता वॉर्डात सिस्टेमिक जेआयएच्या प्रत्येक मुलाच्या खाटेला एक आडवा कागद अडकवलेला असतो. त्यावर ओळी सहा: ताप, प्लेटलेट, ईएसआर, सीआरपी, एएसटी, फेरिटिन. सातवी ओळ सिस्टरसाठी, तिचा मथळा तिनेच सुचवला: “आज खेळली का?”